सॉव्ही आयलंडवर पहिल्यांदा जाताना: परवाने, गळ, बदकं आणि नदीचं वेळापत्रक

पोर्टलंड, बीव्हर्टन, हिल्सबरो भागातल्या मराठी घरांना सॉव्ही आयलंड माहीत असतं ते जूनमधल्या स्ट्रॉबेऱ्यांमुळे आणि ऑक्टोबरमधल्या भोपळ्यांमुळे. मुलांना घेऊन जायचं, टोपली भरायची, फोटो काढायचे आणि त्याच पुलावरून घरी परतायचं. पण शेतं संपली तरी रस्ता उत्तरेला पुढे जातच राहतो. विलॅमेट नदी कोलंबियाला मिळते तिथे हे बेट आहे, पश्चिमेला मल्टनोमा चॅनल आहे, आणि बेटाचा निम्म्याच्या आसपास भाग म्हणजे सॉव्ही आयलंड वाइल्डलाइफ एरिया. सुमारे साडेअकरा हजार एकर तळी, ओढे, ओकची झाडी आणि नदीकाठची वाळू. डाउनटाउनपासून गाडीने अर्धा तास. इथे तुम्ही गळ टाकू शकता, पक्षी पाहू शकता, चालू शकता, आणि रीतसर परवाने काढले तर बदकांची शिकारही करू शकता. इतक्या जवळ एवढी मोठी सार्वजनिक जागा असून आपली माणसं तिथे फारशी दिसत नाहीत, म्हणून हा लेख.

नाव वाचून हे अभयारण्य असावं असं वाटतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे वन्यजीव आणि शिकार हे दोन शब्द एकाच पाटीवर दिसले की आपण बिचकतो. इथली व्यवस्था वेगळी आहे. ओरेगनच्या मासे व वन्यजीव खात्याच्या, म्हणजे सगळे ज्याला ओडीएफडब्ल्यू म्हणतात त्या खात्याच्या, पूर्वीच्या अवताराने १९४७ साली हे क्षेत्र सुरू केलं ते हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांना जागा राहावी आणि सामान्य माणसाला शिकारीसाठी सार्वजनिक जमीन मिळावी, या दोन्ही हेतूंनी. पैसाही बराचसा तिथूनच येतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, आणि १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळ-रॉडवरच्या करासाठी तशीच सोय केली. शिकारी आणि मासेमार दोघांनाही परवाना काढावा लागतो ते निराळंच. म्हणून हिवाळ्यात इथे शिकाऱ्यांचा हक्क आधी, आणि हे एकदा ध्यानात आलं की बाकीचे नियम आपोआप उलगडत जातात.

आधी तारीख बघा, मग बाकीचं

पहिल्यांदा जाणारा माणूस आधी जागा निवडतो. सॉव्हीला आधी तारीख निवडावी लागते. १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल या काळात आतला बराचसा भाग शिकारी सोडून इतरांना बंद असतो. कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात जातात, तशी ही इथली वार्षिक शिस्त आहे. शिकारीचे दिवस सोडले तर हिवाळ्यात पक्ष्यांना निवांत चरता यावं हा त्यामागचा उद्देश.

त्यामुळे मासेमारी, चालणं, झाडीत हिंडणं यासाठी १६ एप्रिल ते ३० सप्टेंबर हा तुमचा हंगाम. ओक आयलंडची पायवाट याच काळात उघडी असते. कोलंबियाच्या बाजूचे वाळूचे किनारे वर्षभर उघडे असतात. हिवाळ्यात पक्षी बघायचे असतील तर रीडर रोडवरचा कून पॉइंट आहे. तिथे बांधावर चढलं की स्टर्जन लेकचा मोठा पट्टा समोर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सँडहिल क्रौंच, पुढे हंस, हजारोंनी गीज (बदकांहून मोठे, हंसांच्या कुळातले पक्षी), आणि त्यांच्यावर टपलेले बाल्ड ईगल. गाडीतून उतरण्याची घाई करू नका. पक्षी गाडीला फारसे घाबरत नाहीत, माणसाला घाबरतात. काच खाली करून, इंजिन बंद करून बसलात तर बांधावर उभं राहून दिसतं त्यापेक्षा जास्त दिसेल.

कुठल्याही फाट्यावर थांबलात की पाटी वाचा. कोणता तुकडा कधी उघडा, कुठे फक्त शिकारी, गाड्या कुठवर, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. रात्रीचा मुक्काम कुठेही चालत नाही. तंबू आणलात तर परत न्यावा लागेल.

दोन वेगळे कागद: गाडीचा आणि माणसाचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पार्किंग परमिट हे गाडीचं असतं आणि फिशिंग लायसन्स हे माणसाचं. एक काढलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

वाइल्डलाइफ एरियात गाडी लावायची तर परमिट हवंच, मग तुम्ही नुसते वाळूत बसणार असलात तरी. गेली अनेक वर्षं एका दिवसाचे १० डॉलर आणि वर्षाचे ३० असा दर राहिला आहे. शुल्कं अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी ओडीएफडब्ल्यूच्या साइटवर चालू दर पाहून घ्या. वर्षातून चारदा जाणार असाल तर वार्षिकच घ्या. शिकारीचं वार्षिक लायसन्स काढणाऱ्याला हे परमिट त्याच्यासोबतच मिळतं. किनाऱ्यावर परमिट विकायला कोणी बसलेलं नसतं. ऑनलाइन काढा, नाहीतर पुलाजवळच्या छोट्या किराणा दुकानातून घ्या, आणि बाहेरून वाचता येईल असं डॅशबोर्डवर ठेवा. पाकिटात राहिलेलं परमिट तपासनिसाला दिसत नाही.

आता माणसाचं. ओरेगनमध्ये १२ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचं लायसन्स लागतं. सहा महिने राज्यात राहिलात की रहिवाशाचा, म्हणजे कमी, दर लागतो. व्हिसा कुठला आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. सॅमन, स्टीलहेड (समुद्रात वाढून येणारा ट्राउट) किंवा स्टर्जन अशा मोठ्या माशांच्या मागे जाणार असाल तर लायसन्सखेरीज कम्बाइन्ड अँग्लिंग टॅग, म्हणजे ठेवलेल्या अशा माशांची नोंद करायचा कागदही घ्यावा लागतो. पहिल्या वर्षी मी तर म्हणेन त्या वाटेला जाऊच नका. छोट्या माशांवर हात बसू द्या.

भारतातून आई-बाबा आले असतील तर एक गोष्ट नीट समजून घ्या. ते काठावर खुर्ची टाकून बसले तर काहीच लागत नाही. पण 'बाबा, जरा रॉड धरा' म्हणून त्यांच्या हातात दिलात, तर कायद्याच्या नजरेत ते मासेमारी करत आहेत. त्यांच्यासाठी एक दिवसाचं लायसन्स मिळतं. तेवढं काढा आणि मग खुशाल रॉड हातात द्या. उलट गोष्टही तितकीच खरी: सात वर्षांच्या मुलीला लायसन्स नको, पण तिच्या नावावर तुम्हीच दिवसभर गळ टाकत बसलात तर लायसन्स तुम्हाला लागेल. एका माणसाला एकच रॉड. दुसऱ्या रॉडसाठी वेगळी परवानगी काढावी लागते आणि ती सगळ्याच पाण्यात चालत नाही.

खर्च करण्याआधी नुसतं करून बघायचं असेल तर जूनचा पहिला शनिवार-रविवार गाठा. त्या दोन दिवसांत ओरेगनभर विनालायसन्स मासेमारी करता येते. खात्याच्या फॅमिली फिशिंग कार्यक्रमांत रॉडही वापरायला देतात आणि शिकवायला माणसं उभी असतात.

फोनमध्ये मायओडीएफडब्ल्यू अॅप टाका आणि घरीच लॉगिन करून ठेवा. बेटाच्या उत्तर टोकाला नेटवर्क जाऊन येऊन असतं; घरून लॉगिन केलेलं असलं की लायसन्स तिथेही दाखवता येतं.

पूल ओलांडल्यावर

हायवे ३० वरून उजवीकडे वळलात की पूल. २००८ साली हा नवा पूल झाला. बेटावर गाडीने यायचा-जायचा हाच एक रस्ता. पेट्रोल पुलाच्या अलीकडेच भरून घ्या. पूल उतरल्यावर सॉव्ही आयलंड रोड सरळ पश्चिम कडेने जातो आणि थोड्या अंतरावर रीडर रोड उजवीकडे फुटून पूर्वेच्या बाजूने थेट उत्तर टोकापर्यंत नेतो. शेवटचा तुकडा खडीचा आहे, हळू चालवा. रस्ता अरुंद, आणि सायकलवाले भरपूर.

रीडर रोडवर उजव्या हाताला कोलंबियाचे किनारे लागत जातात: विलो बार, वॉल्टन बीच, मग कॉलिन्स बीच. कॉलिन्स बीचच्या ठरावीक भागात कपडे घालणं ऐच्छिक आहे आणि तशा पाट्या लावलेल्या आहेत. कुटुंबाला घेऊन जाणार असाल तर हे आधी माहीत असावं. वॉल्टन बीचला थांबा. उन्हाळ्यात किनाऱ्यांवर दारूला बंदी आहे. बीअरचा एक डबा कूलरमध्ये असला तरी दंड होऊ शकतो, तेव्हा ताक घेऊन जा. कुत्रा असेल तर दोरीला बांधलेला हवा.

रस्त्याच्या अगदी शेवटी वॉरियर रॉकची पायवाट सुरू होते. एका बाजूने सुमारे तीन मैल, सपाट, आणि टोकाला ओरेगनमधलं सगळ्यात छोटं दीपगृह. पावसानंतर चिखल होतो, आणि खाजकुइलीसारखी आग करणारं नेटल दोन्ही बाजूंना वाढलेलं असतं. अर्ध्या चड्डीत जाऊ नका.

पहिला गळ कुठे टाकायचा

नवशिक्यांना मी दोनच जागा सांगते. पहिली हॅल्डमन पॉन्ड. छोटं तळं, आणि खातं वसंतात त्यात ट्राउट आणून सोडतं. मुलं असतील तर इथूनच सुरुवात करा, कारण मुलांना पहिल्या तासाभरात काहीतरी ओढ लागलेली जाणवली नाही तर ती परत येत नाहीत. दुसरी गिल्बर्ट नदीचा बोट रॅम्प. गिल्बर्ट म्हणजे स्टर्जन लेकचं पाणी बाहेर नेणारा संथ प्रवाह. इथे क्रॅपी, ब्लूगिल, यलो पर्च, ब्राउन बुलहेड, बास असे मासे मिळतात. वाहत्या कोलंबियाच्या काठी उभं राहून जड वजन फेकणारे लोक तुम्हाला दिसतील, ते सॅमनवाले. त्यांना काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, आपुलकीने सांगतात, पण त्यांच्या रॉडच्या पुढून पाण्यात उतरू नका.

सामान थोडकं ठेवा. सहा-साडेसहा फुटांचा हलका स्पिनिंग रॉड, सहा ते आठ पाउंडांचा तंगूस, आठ किंवा दहा नंबरचे छोटे गळ, चिमटीने दाबून बसवता येतील अशी छोटी वजनं आणि पाण्यावर तरंगणारा एक फ्लोट. आमिष म्हणून गांडुळं. दुकानात डब्यातून मिळतात. जिवंत मासा आमिष म्हणून लावणं ओरेगनच्या गोड्या पाण्यात बेकायदेशीर आहे. यापेक्षा जास्त काहीही पहिल्या दिवशी विकत घेऊ नका, दुकानदार कितीही गोड बोलला तरी.

गाठ मात्र घरी शिकून जा. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, टोक मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे फिरवा, मग ते टोक डोळ्यालगत झालेल्या फटीतून आत घाला आणि त्यामुळे जो मोठा फास तयार होतो त्यातून पुन्हा बाहेर काढा. आता आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडा तंगूस आवळताना घर्षणाने तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो. मासा ओढायला लागला की तिथेच तुटतो. ओली करून सावकाश आवळलीत की वेढे एकावर एक शिस्तीत बसताना दिसतात. टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा.

गांडूळ पूर्ण गुंडाळून गोळा करू नका. अर्धं ओवा, अर्धं हलतं राहू द्या. फ्लोटच्या खाली दोन-तीन फूट दोरा ठेवा आणि लांब फेकण्याचा सोस सोडा. क्रॅपी आणि ब्लूगिल डॉकच्या सावलीत, बुडालेल्या फांद्यांजवळ, तुमच्या पायापासून दहा-पंधरा फुटांवर असतात. पंधरा मिनिटांत काही हललं नाही तर खोली बदला, मग जागा बदला. फ्लोट थरथरला की ओढू नका. बाजूला सरकायला लागला किंवा पाण्याखाली गेला की मनगटाने हलका हिसका द्या.

बुलहेड लागला तर सांभाळा. आपल्या शिंगाळ्याच्या कुळीतला हा मासा, पाठीवर आणि दोन्ही बाजूंना कडक काटा. पकडताना तळहात पोटाखालून न्या आणि बोटं बाजूच्या काट्यांच्या मागे राहतील असं धरा, किंवा सरळ पक्कड वापरा.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. समुद्रापासून इतकं आत येऊनही इथल्या पाण्याला भरती-ओहोटी आहे; वर कोलंबियावरच्या बॉनव्हिल धरणापर्यंत ती जाणवते. पाणी हलत असताना मासे खातात, थांबलं की तेही थांबतात. मे-जूनमध्ये डोंगरातला बर्फ वितळून कोलंबिया फुगते तेव्हा काही किनारे अर्धेअधिक पाण्याखाली जातात. निघण्यापूर्वी व्हँकूवर, वॉशिंग्टनच्या पातळीमापकावरचा आकडा आणि भरतीची वेळ बघितली तर फेरी वाया जात नाही.

ठेवायचा की सोडायचा

प्रत्येक माशाला वेगळा नियम आहे आणि तो हंगामात मध्येच बदलू शकतो, म्हणून सकाळी निघताना त्या दिवसाचे नियम पाहायचे ही सवयच लावून घ्या. नियमांतलं नॉर्थवेस्ट झोनचं पान, मल्टनोमा चॅनलचे नियम आणि कोलंबियाचे नियम वेगवेगळे आहेत. तुम्ही कुठल्या पाण्याकाठी उभे आहात ते महत्त्वाचं.

सॅमन आणि स्टीलहेडमध्ये एक छोटा पर सगळं ठरवतो. मासा आडवा धरून बघा: पाठीवर मधोमध मोठा पर, आणि तिथून शेपटीकडे जाताना, शेपटीच्या जरा अलीकडे, करंगळीच्या नखाएवढा मऊ मांसल पर. यात काटे नसतात. तो शाबूत असेल तर मासा बहुधा नदीत जन्मलेला, रानातला. तो कापलेला असेल आणि तिथे भरून आलेली खूण असेल तर मासा हॅचरीतला, म्हणजे पिल्लं वाढवून नदीत सोडणाऱ्या केंद्रातला. पिल्लं सोडण्यापूर्वीच तो पर काढतात, नंतर ओळख पटावी म्हणून. कोलंबियाचे कितीतरी रानटी वंश धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षित आहेत, म्हणून साधारणपणे पर असलेला मासा पाण्यातच सोडवून जाऊ द्यायचा. संशय असेल तर सोडाच.

स्टर्जन लागला तर त्याला लहान मुलासारखं जपून हाताळा. व्हाइट स्टर्जन शंभर वर्षं जगू शकतो, तीन मीटरच्याही पुढे वाढतो, आणि मादी अंडी घालण्याजोगी व्हायला वीसेक वर्षं लागतात. खालच्या कोलंबियात बहुतेक काळ तो पकडून सोडण्यापुरताच असतो. मोठा स्टर्जन फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर काढायचा नाही, असा नियमच आहे.

ठेवलेला मासा काठावर कापून तुकडे करू नका. जात आणि लांबी ओळखता आली पाहिजे, म्हणून घरी पोचेपर्यंत डोकं-शेपटी जागेवर राहू द्या. बर्फाची पेटी मात्र हवीच.

वाळूवरचा खरा धोका

कोलंबियातून पोर्टलंडकडे समुद्री मालवाहू जहाजं जातात. त्यांच्यासाठी पात्रातला मार्ग ४३ फूट खोल केला आहे, आणि तो किनाऱ्यापासून फार लांब नाही. जहाज दिसतं ते शांतपणे सरकताना. आवाजही फार नसतो. ते समोर आलं की आधी पाणी किनाऱ्यापासून मागे ओढलं जातं, ओली वाळू उघडी पडते आणि मुलं त्या वाळूकडे धावतात. मग तेच पाणी लाटांनी चढून येतं आणि खुर्च्या, चपला, सामानाची पेटी घेऊन जातं. दूरवर जहाज दिसलं की मुलांना वर बोलवा आणि पाणी पुरतं शांत होईपर्यंत तिथेच थांबवा. वाळूचा उतारही फसवा आहे: गुडघ्यापर्यंत पाणी, आणि पुढच्या दोन पावलांत गळ्यापर्यंत. वसंतात पाणी बर्फाचं असतं, पोहता येणाऱ्याचेही हातपाय आखडतात. होडीत असाल तर १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मी तर म्हणेन काठावर खेळणाऱ्या लहान मुलांनाही घाला.

शिकारीला जायचं असेल तर

या वाटेने जाणारे आपल्यात थोडे, पण आहेत, आणि त्यांना एक गोष्ट बंदूक हातात घेण्यापूर्वी माहीत हवी. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी, एफ-१, एल-१, बी-२ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याने रीतसर दिलेलं चालू हंटिंग लायसन्स जवळ असणं. म्हणजे मित्राची बंदूक 'जरा हातात घेऊन बघतो' म्हणण्याआधी लायसन्स लागतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट लागू नाही. व्हिसावर असाल तर स्थलांतर वकिलाशी बोलूनच पुढे जा. इथली चूक शिकारीपुरती राहत नाही.

बाकीचे कागद असे: हंटिंग लायसन्स, राज्याचं पाणपक्ष्यांचं व्हॅलिडेशन (लायसन्सला जोडून घ्यायची परवानगी), एचआयपी म्हणजे स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकाऱ्यांची नोंदणी, आणि १६ वर्षं पूर्ण झालेल्यांना केंद्र सरकारचा डक स्टॅम्प. तो १९३४ पासून चालत आलेला आहे, सध्या २५ डॉलर, आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी घेतल्या जातात. शिकार न करणारे पक्षीप्रेमीही तो विकत घेतात, आणि घ्यावाच असं मला मनापासून वाटतं. १८ वर्षांखालच्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा आहे. मोठ्यांना सक्ती नसली तरी बंदूक कधी न हाताळलेल्या माणसाने तो टाळू नये. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, कारण तळाशी पडलेले छर्रे बदकं खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. पोलादी छर्रे वापरायचे.

सॉव्हीवर शिकार ठरावीक दिवशी, ठरावीक युनिटमध्ये होते. काही जागांसाठी सोडत निघते, आणि त्या दिवशी पहाटे चेक स्टेशनवर नोंद करून परवानगी घ्यायची, परतताना काय मिळालं ते दाखवायचं. पहिल्या हंगामात बंदूक न घेता कोणा अनुभवी सहकाऱ्याबरोबर जाणं उत्तम. अंधारात पाणथळीतून चालणं, वाऱ्याकडे पाठ करून बसणं, पक्षी किती जवळ आल्यावर नेम धरायचा, हे पाहूनच कळतं.

गीजची गोष्ट आणखी नाजूक. कॅनडा गूजच्या अनेक उपजाती इथे एकत्र उतरतात आणि त्यातल्या डस्की या गडद तपकिरी छातीच्या उपजातीची शिकार बंद आहे. हे पक्षी अलास्कात, मुख्यतः कॉपर नदीच्या त्रिभुज प्रदेशात घरटी करतात आणि हिवाळ्याला इकडे येतात. १९६४ च्या मोठ्या भूकंपात तिथली जमीन वर उचलली गेली, ओल्या गवताच्या जागी झुडपं वाढली, कोल्हे-अस्वलांना घरट्यांपर्यंत वाट मिळाली आणि संख्या घसरत गेली. म्हणून या भागात गीजची शिकार करणाऱ्याला आधी ओळख परीक्षा द्यावी लागते. शिकार करणार नसलात तरी तिचा अभ्यास करा. उडत्या थव्याकडे बघायची नजरच बदलते.

घरी नेलेला मासा

इथे आपल्या स्वयंपाकाच्या पद्धतीमुळे जास्त काळजी घ्यावी लागते. पोर्टलंड हार्बरचा विलॅमेटचा भाग २००० पासून केंद्राच्या सुपरफंड यादीत, म्हणजे साफ करायच्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत आहे. जुन्या कारखान्यांमधून आलेली पीसीबीसारखी रसायनं तळाच्या गाळात आहेत, आणि तिथेच आयुष्य काढणाऱ्या बास, कार्प, बुलहेड अशा माशांच्या चरबीत ती साठत जातात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, लहान मुलांनी त्या पट्ट्यातले असे मासे खाऊ नयेत. इतरांसाठी ओरेगन हेल्थ अथॉरिटी महिन्याला किती खावे याचे तक्ते प्रसिद्ध करते, पाण्यानुसार. मल्टनोमा चॅनलचं पान तर नक्की वाचा. सॅमन, स्टीलहेड, शॅड हे समुद्रात वाढून येणारे मासे, त्यांना हा त्रास फारसा नाही. तळ्यात नुकताच सोडलेला ट्राउटही निर्धास्त खा.

पण मुद्दा असा की अमेरिकी सल्ला फिले, म्हणजे नुसत्या मांसाचे बिनकाट्याचे तुकडे काढून खाणाऱ्याला गृहीत धरतो. आपण कालवणात डोकं घालतो, कातडी ठेवतो, गाबोळी मिळाली तर आनंदच. चरबी, आणि तिच्यातलं रसायन, नेमकं तिथेच असतं, आणि कालवणात ते रश्श्यात उतरून ताटात येतं. स्थानिक पाण्यातला मासा असेल तर डोकं, कातडी, पोटाकडची चरबी आणि आतडी काढून टाका आणि मांस जाळीवर भाजा, म्हणजे चरबी गळून जाते. क्रॅपीचे छोटे फिले हळद-मीठ-तिखट लावून, तांदळाच्या पिठात घोळवून फार सुंदर होतात. आंबट चिंचेचं कालवणच हवं असेल तर हॅचरीचा सॅमन किंवा जूनमध्ये बॉनव्हिल धरणाखाली मिळणारा शॅड आणा. शॅड काटेरी आहे, हिल्शाच्या नातलगांतला, त्यामुळे काटे काढत खायची सवय असलेल्या घरात त्याचं चीज होतं.

उन्हाळ्याच्या शेवटी स्टर्जन लेक आणि आजूबाजूच्या संथ पाण्यावर कधीकधी हिरव्या रंगासारखा तवंग येतो. ते निळं-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं. तसं पाणी दिसलं तर मुलांना आणि कुत्र्याला त्यात उतरू देऊ नका, आणि त्या दिवशीचा मासा ठेवायचाच असेल तर आतडी काढून स्वच्छ पाण्याने धुऊन मगच घ्या.

निघताना बूट, जाळी आणि होडी असेल तर तिचा तळ तिथेच धुवा आणि पाणी काढून टाका, म्हणजे एका तळ्यातले परके गोगलगाय-शिंपले आणि वनस्पती दुसऱ्या तळ्यात जात नाहीत. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी बेटावर असाल तर दुपारी दोनच्या आत पूल गाठा; त्यानंतर भोपळे घेऊन परतणाऱ्या गाड्यांची रांग रीडर रोडवर मैलभर मागे येते.